कोडी, प्लेक्स, एम्बी, जेलीफिन: हॉलमधल्या पीसीवर शेवटी काय ठेवलं

गेलं वर्षभर मी हॉलमधल्या टीव्हीला जोडलेल्या छोट्या पीसीवर, स्वतःच्या डिस्कवरचे सिनेमे आणि व्हिडिओ टीव्हीवर दाखवणारी ही चारही सॉफ्टवेअर आलटून पालटून वापरली, कधी दोन आठवडे कधी दोन महिने, आणि आता आईबाबांसकट घरात सगळ्यांचं एकमत झालंय म्हणून लिहितेय. आधीच सांगून टाकते, टीव्ही एकच असेल आणि सगळ्या फाइली त्याच्याच मागे लावलेल्या डिस्कवर असतील तर सरळ कोडी टाका. दुसरी स्क्रीन आली, म्हणजे आतल्या खोलीतला टीव्ही किंवा कोणाचा टॅब, की त्याच्या जोडीला जेलीफिन. प्लेक्स वाईट नाहीये, पण ते कोणाला घ्यावं ते पुढे सांगते.

आमच्याकडे बघायला काय आहे ते आधी सांगायला हवं, कारण माझ्या मते सगळी निवड तिथूनच होते आणि लोक नेमकं तेच सोडून फीचरच्या याद्या वाचत बसतात. बाबांनी २००० नंतरच्या आठदहा वर्षांत मराठी नाटकांच्या व्हीसीडी गोळा केल्या, साठेक तरी असतील. त्याशिवाय डीव्हीडी, माझ्या लग्नाच्या मिनी डीव्ही कॅसेट, गावच्या जत्रेचं आणि आजीच्या पंच्याहत्तरीचं शूटिंग, आणि मग नेहमीचे सिनेमे. यातली बरीच नाटकं मला कुठल्याच ओटीटीवर सापडली नाहीत. म्हणजे आमच्यासाठी हा पीसी म्हणजे नुसती टीव्हीला जोड नाही, काही गोष्टी आता फक्त त्यातच आहेत.

पीसी साधाच आहे. इंटेल एन१००वाला मिनी पीसी, ८ जीबी रॅम, मागे ४ टीबीची यूएसबी डिस्क. एन१०० ची चार कोअरची चिप ६ वॉटच्या टीडीपीची, म्हणजे फार कमी वीज खाणारी आहे त्यामुळे दिवसभर चालू राहिला तरी बिलात फरक कळत नाही, आणि एचईव्हीसी, एव्ही१ (व्हिडिओ दाबून साठवायच्या नव्या पद्धती) सगळं चिपमध्येच डीकोड होतं, म्हणजे उलगडलं जातं, त्यामुळे ४के फाइलसुद्धा आरामात चालते. रास्पबेरी पाय ५ या हाताएवढ्या कॉम्प्युटरचा पण विचार केला होता पण त्यात एच२६४ या जुन्या पद्धतीचा हार्डवेअर डीकोडर काढून टाकलाय, फक्त एचईव्हीसीचा ठेवलाय, आणि आमच्या बहुतेक फाइली एच२६४ नाहीतर त्याहून जुन्या, मग म्हटलं नको.

आता कोडी. हे मूळचं २००२ साली पहिल्या एक्सबॉक्ससाठी लिहिलेलं प्लेअर, मग त्याचं एक्सबीएमसी झालं आणि २०१४ मध्ये कोडी. फुकट आणि ओपन सोर्स, म्हणजे त्याचा कोड सगळ्यांना खुला. एक गोष्ट नीट समजून घ्या, कोडीमध्ये स्वतःचा एकही सिनेमा नसतो. बाजारात "सगळं लोड करून" म्हणून जे बॉक्स विकतात त्यातली चोरीचे सिनेमे दाखवणारी अ‍ॅडऑन (वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर) कोडीवाल्यांची नाहीत आणि त्यांनी हे वारंवार जाहीर सांगितलंय. तसला बॉक्स घेऊ नका, अ‍ॅडऑनमधून काय काय घरात येतं ते कोणालाच माहीत नसतं.

मी विंडोजवर कोडी टाकून आठ दिवस वापरलं आणि मग लिब्रेएलेक टाकलं. लिब्रेएलेक म्हणजे फक्त कोडी चालवण्यापुरतं लिनक्स. पेनड्राइव्हवर टाकायचं, पीसी त्यावरून सुरू करायचा, इन्स्टॉल म्हणायचं, संपलं. त्यानंतर पीसी चालू केला की थोड्याच वेळात थेट कोडीचा पडदा, मध्ये ना डेस्कटॉप ना अपडेटचा निळा स्क्रीन. आईच्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा फरक होता. विंडोजवर होतं तेव्हा मध्येच एखादी खिडकी उघडून बसायची आणि मग ती मला ऑफिसात फोन करायची, आता तसा फोन येत नाही.

पण मी कोडीवर ठाम झाले ती एका सेटिंगमुळे. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो आणि पीसी टीव्हीला बहुतेक वेळा ६० हर्ट्झने चित्र पाठवतो, ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की चित्र बारीक झटके खात सरकतं. एकदा डोळ्याला दिसलं की दिसतच राहतं. कोडीत सेटिंग्जमध्ये प्लेअर, मग व्हिडिओज, तिथे अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट आहे, ते ऑन स्टार्ट/स्टॉपवर ठेवलं की सिनेमा लावल्यावर टीव्ही आपोआप २४ वर जातो, आणि आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या २५ फ्रेमच्या डीव्हीडी, व्हीसीडी लावल्या की ५० वर. बदलताना एक दोन सेकंद पडदा काळा होतो, तेवढंच. हे सेटिंग दिसत नसेल तर डाव्या कोपऱ्यात खाली गिअरचं चिन्ह असतं, त्यावरून लेव्हल वाढवा, बेसिकवर निम्म्या गोष्टी लपलेल्या असतात. हे कोणी आधी सांगितलं असतं तर माझे दोन रविवार वाचले असते.

दुसरी गोष्ट लग्नाच्या कॅसेटची. मिनी डीव्हीचं शूटिंग ७२० बाय ५७६ आणि इंटरलेस्ड, म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या रेघा एकमेकांत विणलेल्या. डीइंटरलेस न करता दाखवलं की हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडेला कंगव्याचे दात दिसतात. अंतरपाट धरलेला आणि वरून अक्षता पडतायत त्या सीनमध्ये तर निव्वळ रेघाच रेघा, माणसंच कळत नव्हती. कोडीत डीइंटरलेसिंग चालू करून पद्धत बदलून बघितली आणि एका पद्धतीवर अक्षतांचे दाणे सुटे सुटे दिसायला लागले. बाबांनी तो सीन तीनदा मागे घेऊन बघितला. कोडीत हे व्हिडिओ चालू असताना रिमोटवरूनच बदलता येतं आणि त्या फाइलपुरतं लक्षातही राहतं.

आता नाटकांच्या व्हीसीडी. यावर जरा सविस्तर लिहिते कारण मराठीत मला याबद्दल कुठे मिळालं नाही. व्हीसीडीमधलं चित्र ३५२ बाय २८८, एमपेग-१. एका डिस्कवर सव्वा तासाच्या आसपास मावतं म्हणून नाटकाच्या दोन, कधी तीन डिस्क. डिस्कमध्ये एमपेगएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यात डॅट फाइल. ती हार्ड डिस्कवर कॉपी करून एफएफएमपेग या फुकट सॉफ्टवेअरने नुसती एमपीजी केली की झालं, परत एन्कोड करायची गरज नाही आणि करूच नका, आधीच चित्र एवढंसं आहे, आणखी दाबलं की चेहरे पुसट होतात. मग एकाच नाटकाच्या फाइलींना तेच नाव देऊन शेवटी सीडी१, सीडी२ असं इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत लिहायचं. कोडी त्या दोन फाइली जोडून एकच नाटक म्हणून दाखवतं, पहिला अंक संपून दुसरी फाइल कधी सुरू झाली ते कळत पण नाही. पूर्वी बाबा उठून डिस्क बदलायचे.

अडचण माहितीची येते. सिनेमा असला की कोडी टीएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या वेबसाइटवरून पोस्टर, कलाकार, कथा सगळं आणतं. नाव नीट दिलं तर चुकत नाही, नावापुढे कंसात वर्ष घालायचंच. "श्यामची आई" १९५३ चा पण आहे आणि २०२३ चा पण, वर्ष नसेल तर बिचाऱ्या सॉफ्टवेअरने ओळखायचं कसं. पण नाटकं तिथे क्वचितच असतात, आणि मग उगाच नावात साम्य असलेल्या भलत्याच सिनेमाचं पोस्टर चिकटतं. यावर उपाय म्हणजे नाटकांचं फोल्डर वेगळं ठेवायचं आणि त्याला माहितीसाठी लोकल इन्फर्मेशन ओन्ली निवडायचं. मग प्रत्येक नाटकाच्या फोल्डरमध्ये एक एनएफओ फाइल, ही साधी टेक्स्ट फाइलच असते, त्यात नाव, वर्ष, दोन ओळी कथा, कलाकार. यूटीएफ-८ मध्ये सेव्ह केली की मराठीत लिहिता येतं. आणि पोस्टरसाठी आईने दुपारी उन्हात गच्चीवर बसून एकेका व्हीसीडीच्या कव्हरचा मोबाइलवर फोटो काढला, मी ते कापून पोस्टर नावाने जेपीजी करून त्या त्या फोल्डरमध्ये टाकले. पाच रविवार गेले. आता टीव्हीवर नाटकांचं पान उघडलं की ती सगळी कव्हरं ओळीने दिसतात, काहींवर अजून दुकानाच्या किमतीचा स्टिकर आहे, आणि बाबांना नाव वाचायला चष्मा लागत नाही, कव्हरच्या रंगावरून ओळखतात.

एक मार खाल्ला तो सांगते. आमच्याकडे साताऱ्यात पावसाळ्यात लाइट जाते, आणि एकदा लायब्ररी स्कॅन चालू असताना गेली. पीसी परत चालू केला तर लायब्ररी रिकामी. फाइली जागेवर होत्या पण कोडी ती सगळी यादी स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतं आणि तोच बिघडला होता. नाटकं परत स्कॅन केल्यावर पाच मिनिटांत जशीच्या तशी आली कारण त्यांची एनएफओ फाइल फोल्डरमध्येच होती. सिनेमांचे मी हाताने केलेले बदल मात्र गेले. तेव्हापासून महिन्यातून एकदा सेटिंग्जमध्ये मीडिया, लायब्ररी इथून एक्सपोर्ट करते, सेपरेट फाइल्स निवडून, म्हणजे प्रत्येक सिनेमाच्या शेजारी त्याची माहिती जाऊन बसते. लिब्रेएलेकच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये पूर्ण बॅकअपचं बटण पण आहे. आणि पीसीला छोटा यूपीएस लावला, तो आधीच लावायला हवा होता.

प्लेक्सकडे येते. प्लेक्स पण मूळचं एक्सबीएमसीच्याच कोडमधून मॅकसाठी निघालेलं, पण आता पूर्ण वेगळं आहे. एका मशीनवर सर्व्हर, म्हणजे फाइली सगळ्यांना पाठवणारं सॉफ्टवेअर, आणि टीव्ही, फोन, टॅब सगळ्यांवर त्याचं अ‍ॅप. दिसायला चौघांत सगळ्यात देखणं, आणि नवख्या माणसाला सगळ्यात सोपं, पंधरा मिनिटांत चालू होतं. मग मी का ठेवलं नाही? एक, आपल्याच घरातल्या आपल्याच फाइलींसाठी त्यांच्या खात्यात लॉगिन करावं लागतं. इंटरनेट बंद असताना चालावं म्हणून काही नेटवर्कना लॉगिनशिवाय परवानगी देण्याचं सेटिंग आहे, पण ते आधीच करून ठेवावं लागतं. त्यांच्याकडचा डेटा बाहेर गेल्यामुळे सगळ्यांना पासवर्ड बदला म्हणून सांगायची वेळ ऑगस्ट २०२२ मध्ये आली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये परत. दोन, पैसे. २९ एप्रिल २०२५ ला प्लेक्स पासचे दर वाढून महिन्याला ६.९९ डॉलर, वर्षाला ६९.९९, कायमचा २४९.९९ झाले, आणि हार्डवेअर ट्रान्सकोडिंग (समोरच्या स्क्रीनला चालेल अशा प्रकारात व्हिडिओ चिपच्या मदतीने चालता चालता बदलणं) त्या पासशिवाय मिळत नाही. त्याच दिवसापासून घराबाहेरून स्वतःच्या फाइली बघणंही फुकट राहिलं नाही, सर्व्हरवाल्याकडे पास हवा किंवा बघणाऱ्याने वेगळा पास घ्यायचा, तेव्हा तो महिन्याला १.९९ डॉलरचा होता. आणि तीन, आमच्यासाठी हेच महत्त्वाचं, डीव्हीडीची आयएसओ फाइल (पूर्ण डिस्कची एकाच फाइलमध्ये केलेली नक्कल) प्लेक्स घेत नाही. कोडी घेतं, वर डीव्हीडीच्या मेनूसकट.

तरी प्लेक्स कोणाला? ज्यांचं कोणी परदेशात आहे आणि त्यांना इथल्या फाइली बघायच्यात, आणि दोन्ही बाजूंना तांत्रिक खटपट करणारं कोणी नाही, त्यांनी पैसे देऊन प्लेक्स घ्यावं. फक्त आधी आपल्या ब्रॉडबँडवाल्याला विचारा की स्वतंत्र पब्लिक आयपी मिळतो का. आपल्याकडे बऱ्याच कनेक्शनवर एकच आयपी अनेक घरांत वाटलेला असतो, त्याला सीजीनॅट म्हणतात, मग बाहेरून थेट जोडणी होत नाही आणि प्लेक्स स्वतःच्या रिलेमधून, म्हणजे त्यांच्या सर्व्हरच्या वाटेने, पाठवतं. रिलेचा वेग पास असला तरी २ एमबीपीएसपर्यंतच. नाटकाच्या व्हीसीडीला तेवढा पुरतो, एचडी सिनेमाला नाही.

एम्बीबद्दल फार नाही लिहीत. नीटनेटकं आहे, पण त्यातही हार्डवेअर ट्रान्सकोडिंगला पैसे, आणि कामाच्या बाबतीत जेलीफिनपेक्षा मला जास्त काही मिळालं नाही. दोघं भावंडंच आहेत. डिसेंबर २०१८ मध्ये एम्बीने सोर्स बंद केला तेव्हा काही लोकांनी जुना खुला कोड घेऊन जेलीफिन सुरू केलं. जेलीफिनमध्ये पैसे मागणारं बटणच नाही, हार्डवेअर ट्रान्सकोडिंग, एचडीआरचं टोन मॅपिंग (एचडीआर सिनेमाचे रंग साध्या टीव्हीवर नीट दिसतील असे बदलणं), सगळं खुलं.

आमच्याकडे जेलीफिन आलं ते आईबाबांच्या खोलीत अँड्रॉइड टीव्ही घेतला तेव्हा. घरात सातव्या पिढीच्या आय५ चा जुना लॅपटॉप पडून होता, कीबोर्डची चार बटणं गेलेली, त्यावर उबुंटू टाकून जेलीफिन सर्व्हर चालू केला आणि ४ टीबीची डिस्क हॉलमधल्या पीसीवरून काढून त्याला लावली. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे कोडीसाठी लिहिलेल्या एनएफओ फाइली आणि आईने काढलेले पोस्टर जेलीफिनने जसेच्या तसे उचलले, एकही नाटक परत भरावं लागलं नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की माहिती सॉफ्टवेअरच्या पोटात ठेवू नका, फाइलीच्या शेजारी ठेवा, मग सॉफ्टवेअर कितीदा बदललं तरी मेहनत वाया जात नाही. हॉलमध्ये अजूनही कोडीच आहे, त्यात जेलीफिनचं अ‍ॅडऑन टाकलंय, त्यामुळे बाबांनी हॉलमध्ये पहिला अंक बघून खोलीत जाऊन आडवं पडून पुढचं लावलं तर तिथूनच सुरू होतं.

मग नुसतं जेलीफिनच का नाही? कारण ते आधी सर्व्हर आहे. चित्र दाखवायचं काम शेवटी समोरच्या अ‍ॅपचं, आणि ब्राउझरमध्ये लावलं तर डीव्हीडीचं एमपेग-२ ब्राउझरला कळत नाही, म्हणून सर्व्हरला ते चालता चालता बदलून पाठवावं लागतं. लग्नाची कॅसेट फोनवर बघायला चालेल, पण हॉलच्या ५५ इंची टीव्हीवर कोडीचं चित्र आणि हे चित्र शेजारी शेजारी बघितलं की आईसुद्धा सांगते कुठलं चांगलं.

पुण्याला भावाच्या घरून बघायला टेलस्केल (बाहेरच्या उपकरणांना घरच्या मशीनशी सुरक्षित जोडणारं सॉफ्टवेअर) टाकलंय, सीजीनॅट असलं तरी चालतं आणि राउटरवर एकही पोर्ट उघडावा लागत नाही. जेलीफिन थेट इंटरनेटवर उघडं ठेवू नका.

रिमोटबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगते. टीव्हीच्या रिमोटने पीसी चालवायला एचडीएमआय सीईसी (रिमोटचे हुकूम एचडीएमआय केबलमधूनच पाठवायची सोय) लागतं आणि बहुतेक पीसींमध्ये ते नसतंच, रास्पबेरी पायमध्ये असतं. पीसीला यूएसबीचा सीईसी अ‍ॅडॉप्टर मिळतो किंवा इन्फ्रारेड रिसीव्हर. मी आधी एअर माउस आणला, आईला त्या पडद्यावर फिरणाऱ्या बाणाचा फार त्रास झाला, हात जरा हलला की बाण पळायचा. मग फ्लर्कचा यूएसबी रिसीव्हर लावला आणि बंद पडलेल्या डीव्हीडी प्लेअरचा जुना रिमोट त्याला शिकवला. त्याची बटणं मोठी आहेत, आणि प्ले कुठे ते बाबांना अंधारात बोटांनी कळतं. कोडीचं कोर नावाचं मोबाइल अ‍ॅप पण चांगलं आहे, नाव टाइप करून शोधायचं असेल तर तेच बरं.

आणि हो, नेटफ्लिक्स, प्राइम वगैरेची या पीसीकडून अपेक्षा ठेवू नका. त्यांना ४के देण्यासाठी जी सुरक्षा प्रमाणपत्रं लागतात ती लिनक्सवाल्या पीसीला नसतात. त्यासाठी टीव्हीतलीच अ‍ॅप वापरा, आम्ही तेच करतो, पीसी एचडीएमआय २ वर आणि बाकी सगळं टीव्हीवर.

जेलीफिन आधीपासून वापरत असाल आणि अजून १०.१० वर असाल तर १०.११ ला जाताना आधी पूर्ण डेटा फोल्डरची कॉपी काढून ठेवा. त्यात डेटाबेसची रचनाच बदललीय, मोठी लायब्ररी असेल तर पहिल्यांदा चालू व्हायला बराच वेळ लागतो आणि तसंच मागे जुन्या आवृत्तीवर येता येत नाही. मी रात्री जेवणं झाल्यावर सुरू करून झोपले, सकाळी सगळं जागेवर होतं. मध्येच अडकलंय समजून बंद करू नका.